गाजरं

“मृत्यूवर मानवाने अखेर मात केली आहे!” संचालक हुदलीकर गंभीरपणे म्हणाले, आणि लिफ्ट बंद असल्यामुळे कुमुदताईंना जिन्याने वर घेऊन गेले.

वर यंत्रात अण्णांचं, म्हणजे त्यांच्या दिवंगत यजमानांचं, साठवलेलं मन झोपलं होतं. आवडतं संगीत कानी पडलं की अशी मनं जागी होऊन बोलू लागत. जी संध्याकाळपर्यंत जागी होत नसत, ती कायमची विझत. अण्णांना सकाळपासून भैरव, तोडी, सारंग ऐकवून झाले होते. पडद्यावरची रेघ ढिम्म हलत नव्हती.

“यांना शास्त्रीयच आवडायचं ना? नक्की?”

कुमुदताई ओशाळल्या. गावच्या संगीतसभेच्या माजी अध्यक्षांबद्दल त्या दुसरं काय सांगणार? शेवटी त्यांनी पर्समधून अण्णांचा जुना फोन काढला.

“जेवण झालं की आडवं पडून हा शेतीचा गेम खेळायचे. त्याच्या टुंगटुंगीनं माझं डोकं उठायचं. ‘आवाज बंद करा’ म्हणून रोज ओरडायचे मी.” त्यांनी पदराने फोनची काच पुसली. “आता दुपारी घरात नुसता फ्रीज वाजतो हो.”

त्यांनी गेम लावला. टुंग, टुंग, टुंगटुंग. रेघ थरथरली. स्पीकरमधून ओळखीचं खाकरणं आलं.

हुदलीकर धावले. “अण्णासाहेब, मृत्यूपलीकडून मानवजातीला काही संदेश?”

“कुमुद आहे का तिथे?”

“आहे हो, इथेच आहे.”

“अगं, गाजरं तयार झाली असतील. सुकायच्या आत तेवढी काढ. आणि आवाज राहू दे जरा.”