आनंदाबाईंची साक्ष

कापगते वकिलांनी तिसऱ्यांदा समजावलं, "आनंदाबाई, अपघाताच्या दिवशी तुमचा भाऊ मोती गाडी बेफाम पळवत होता, एवढंच कोर्टात सांगा. तुमचा नवरा गेला, त्याची भरपाई विमा कंपनी देते. भावाले काही भरा लागत नाही."

"पर दोष तं त्याच्याच माथी येते नं जी?"

वकिलांनी कपाळावर हात मारला. शेवटी व्हायचं तेच झालं. साक्षीला उभ्या राहून आनंदाबाई ठाम बोलल्या, "मोती हळूच चालवत होता. मी मांगं बसली होती."

दोन वर्षांची केस एका वाक्यात बुडाली. वकील चरफडत बाहेर आले, तर मोतीलाल बहिणीला न्यायला गाडी घेऊन उभा. आनंदाबाई मागच्या सीटवर बसल्या, दार ओढून घेतलं.

"मोती, आता तरी हळू चालवजो."