दीड ते तीन : मोकळा वेळ

फळ्यावर ‘साडेअकरा ते दीड : मयुरी, पुणे’ या ओळीखाली ‘दीड ते तीन : मोकळा वेळ’ असे लिहिले होते. त्याखाली समितीच्या कुंदाबाईंनी लहान अक्षरांत भर घातली : ‘स्थानिक कला. खातूनबी, एरंडोल. विणताना पाहता येईल.’

क्रोशाची लेस विणणाऱ्यांचे संमेलन आठवड्यावर आले होते. जळगावातल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत समितीची शेवटची बैठक चालली होती. खातूनबी पहिल्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी शिकवण्यासाठी वर्ग मागितला होता. मोकळ्या वेळात बाकीच्या बायका काय करणार, असे त्यांनी विचारले. जेवतील, बाजारात जातील, फोटो काढतील, असे अध्यक्ष लताबाईंनी सांगितले.

“म्हणजे त्या जेवणार आणि मी दिसणार.”

लताबाईंनी ते नाकारले नाही. वर्ग घेणाऱ्या सहाही जणींकडे पदविका आहे, एवढे त्यांनी निदर्शनास आणले. खातूनबींनी अर्जात शिक्षणाच्या रकान्यात ‘एकेचाळीस वर्षे’ असे लिहिले होते. लताबाईंच्या मते ते त्या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

खातूनबी उठून टेबलाजवळ गेल्या. तेथे मयुरीच्या वर्गाचा नमुना होता : पुण्याहून कुरिअरने आलेली वाटोळी लेस, थर्माकोलवर टाचण्यांनी ताणून बसवलेली. शेजारी छापील आराखड्याच्या प्रतींचा गठ्ठा. खातूनबींनी नखाने लेसचे उभे टाके, म्हणजे खांब, मोजले, मग आराखड्यातले मोजले.

“पहिल्या तीन फेऱ्या बरोबर आहेत, प्रत्येकीत बारा खांब वाढलेत. चौथीपासून सहाच वाढलेत. हे सपाट बसणार नाही.”

समोरची वस्तू सपाट दिसते आहे, असे लताबाई म्हणाल्या. त्यांनी तीस वर्षे गणित शिकवले होते, आणि ऐकीव गोष्टीवर विसंबण्याची त्यांना सवय नव्हती. आराखडा तज्ज्ञाने काढला आहे, हेही त्यांनी जोडले.

“माझ्यावर विश्वास ठेवू नका,” खातूनबी म्हणाल्या. “टाचण्या काढा.”

टाचण्या चोवीस होत्या. कुंदाबाई त्या एकेक काढून बशीत ठेवत गेल्या. नववी निघाली तेव्हा कड उचलली. शेवटची निघाल्यावर लेस वाटीसारखी उभी राहिली. लताबाईंनी ती तळहाताने दाबली. हात काढताच ती वर आली. त्यांनी पुन्हा दाबली, या वेळी अधिक वेळ. निष्कर्ष तोच निघाला.

“हाई ते वाटी व्हयनी,” कुंदाबाई म्हणाल्या. “आता वरण वाढा हिच्यात.”

कुणी हसले नाही. लताबाईंनी चष्मा पुसला. साठ प्रती छापून झाल्या आहेत, कार्यक्रमपत्रिका गावोगाव गेली आहे, तेव्हा वर्ग तोच राहील आणि आराखडाही तोच राहील, असा निर्णय त्यांनी दिला. खातूनबींसाठी दारालगत एक खुर्ची ठेवण्यात येईल, हेही सांगितले.

खातूनबींनी वाद घातला नाही. दीड ते तीन हा वेळ कुणाच्या अखत्यारीत येतो, एवढेच विचारले.

“कुणाच्याच नाही,” लताबाई म्हणाल्या. “मोकळा वेळ ज्याचा त्याचा.”

खातूनबी फळ्यापाशी गेल्या. लहान अक्षरांतली ओळ त्यांनी हाताने पुसली आणि खडू घेऊन तिच्या जागी मोठ्या अक्षरांत लिहिले : ‘जिच्या लेसची वाटी होईल, तिने खातूनकडे यावे.’

लताबाईंनी ती ओळ दोनदा वाचली. तीत त्यांना खोडण्याजोगी चूक सापडली नाही.

“खुर्ची नको,” खातूनबी कुंदाबाईंना म्हणाल्या. “सतरंज्या टाका.”

“किती जणींसाठी?”

“मयुरीताईंच्या वर्गाला किती नावं आलीत?”

कुंदाबाईंनी वही उघडली. “साठ.”

“तेवढ्यांसाठी,” खातूनबी म्हणाल्या, आणि त्यांनी खडू जागेवर ठेवला.