मासळी बाजाराचा कोपरा

वडिलांना लावलेला फोन अकराव्यांदा वाजून बंद झाला आणि ओंदिनाने पुन्हा लावला. बाहेर बोरा सुटला होता. डोंगरावरून समुद्राकडे झेपावणारा हा वारा उभ्या मोटारसायकली आडव्या करतो. आणि तिचे वडील, ब्याऐंशी वर्षांचे लिव्हियो, नेमके अशाच दिवशी घराबाहेर पडतात. तीन हिवाळे हेच चाललं होतं. विचारलं की म्हणायचे, पत्ते खेळायला जातो.

टेबलावर अहवाल पडला होता. शहरात कुठे काय असावं हे ठरवणं ओंदिनाचं काम. मासळी बाजाराच्या कोपऱ्यावर बोरा सगळ्यात जास्त माजतो. तिथे पूर्वी दोर ताणायचे, लोक तो धरून रस्ता ओलांडायचे. ओंदिनाने भांडून तो दोर काढायला लावला आणि वारा अडवायला ओकच्या रोपांच्या दोन रांगा लावल्या. नगरपालिकेने नाक मुरडत एक अट घातली. झाडं मोठी होईपर्यंत दर हिवाळ्याअखेर अहवाल द्यायचा. त्या कोपऱ्यावर एक जरी माणूस पडला असेल, तर झाडं उपटून पुन्हा दोर. आज तिसरा अहवाल द्यायचा होता, आणि अजून कुणीही पडलं नव्हतं.

बाबा तिथेच पडले तर? तिला आधी आठवण झाली ती झाडांची. मग स्वतःचीच इतकी लाज वाटली की ती कोट चढवून तशीच निघाली.

पत्त्यांच्या अड्ड्यावर मालकाने मान हलवली. बोराच्या दिवशी लिव्हियो कधीच येत नाहीत, म्हणाला. भिंती धरत, दोनदा गुडघ्यावर येत ओंदिना मासळी बाजारापाशी पोचली.

तिची झाडं छातीएवढीसुद्धा नव्हती. वाऱ्याने ती जमिनीला टेकली होती. त्यांच्या पलीकडे, दिव्याच्या खांबाला स्वतःला कमरेशी बांधून लिव्हियो उभे होते. गाठ पक्की होती, गोदीत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाची. त्यांचा हात धरून एक म्हातारी भाजीच्या पिशवीसकट पलीकडच्या भिंतीपाशी पोचली आणि सहज म्हणाली, "उद्याही आहात ना?"

"बाबा, हे काय चालवलंय तुम्ही?"

"कुणी पडलं असतं तर तुझी झाडं उपटली असती त्यांनी." त्यांचे ओठ निळे पडले होते. "यांना मोठं व्हायला अजून किती वर्षं लागतील गं?"

"बारा," ओंदिना म्हणाली.

लिव्हियोंनी त्या वाकलेल्या झाडांकडे एकदा नीट बघून घेतलं.

"जमेल," ते म्हणाले, आणि पुढच्या माणसासाठी हात लांब केला.