राष्ट्रपतींच्या खुर्चीतली गोणी

‘‘खाली माणसं आहेत,’’ जहांगीर म्हणाला आणि त्यानं हेलिकॉप्टर डावीकडं वळवलं.

गोदावरीनं सगळा काठ गिळला होता. पाण्याच्या मधोमध एक टेकाड तेवढं उरलं होतं आणि त्यावर पाच माणसं एकमेकांना धरून उभी होती. त्यातली एक म्हातारी पदर हलवत होती. पाणी चढतच होतं. थोड्या वेळानं टेकाडही जाणार, हे वरूनसुद्धा कळत होतं.

‘‘तुम्ही चाचणी चालू ठेवा,’’ आप्पासाहेब म्हणाले.

राष्ट्रपतींसाठी बनत असलेलं हे नवं हेलिकॉप्टर. आप्पासाहेब त्याच्या देखरेख समितीचे प्रमुख. चिकलठाण्याच्या कारखान्यात ते सारखे यायचे, पण इंजिनाबद्दल कधी चकार शब्द काढायचे नाहीत. पडद्यांचा रंग कुठला, कपातला चहा हिंदकळेल का, आरशात चेहरा उजळ दिसतो का, हीच त्यांची चिंता. सीटांचं पांढरं कातडं तर त्यांनी पुन्हा पुन्हा बदलून घेतलं होतं. चाचणीच्या उड्डाणात माणसांच्या वजनाच्या गोण्या सीटांवर बांधतात. गोण्यांत एरवी वाळू असते. वाळू गळून कातडं मळेल, म्हणून यांनी निवडलेली, पाखडलेली ज्वारी भरायला लावली. तेवढ्यावर भागलं नाही. राष्ट्रपतींच्या खुर्चीत उघडी गोणी शोभत नाही म्हणून तिला शहागंजच्या बाजारातून आणलेली उंची, नक्षीदार हिमरू शाल पांघरली. त्या गोणीकडं पाठ करून कुणी बसायचं नाही, असाही हुकूम होता. किळस यावी असाच सगळा प्रकार. मेहरुन्निसा या चाचणीवरची इंजिनिअर.

वजनाची जबाबदारी तिची. तिनं खिडकीतून खाली पाहिलं आणि मग जहांगीरकडं.

‘‘उतरवता येईल, जहांगीरभाई?’’

‘‘उतरेगा, मॅडम. पण पाच माणसं वाढली तर परत नै उठेगा. आधीच फुल भरलंय.’’

‘‘माणसागणिक एक गोणी खाली टाकू. वजन तेवढंच राहील.’’ ती आप्पासाहेबांकडं वळली. ‘‘चाचणीही मोडत नाही, साहेब.’’

आप्पासाहेबांनी नकाराचं कारण शोधून पाहिलं. सापडेना. शेवटी पोटातलं ओठांवर आलं.

‘‘आणि चिखल?’’

मेहरुन्निसानं तोंड फिरवलं. तिला वाटलं, या माणसाला उत्तर देणंसुद्धा घाण आहे. जहांगीरनं हेलिकॉप्टर खाली घ्यायला सुरुवात केली.

‘‘उद्यापासून कामावर येऊ नका, बाई. तुम्हीही, पायलट. मी नको म्हणालो होतो, हे लक्षात ठेवा,’’ आप्पासाहेब ओरडले.

हेलिकॉप्टर टेकाडावर टेकताच पहिला पट्टा मेहरुन्निसानं राष्ट्रपतींच्या खुर्चीचाच सोडला. शाल ओढून काढली आणि गोणी दारातून ढकलून दिली. मागोमाग आणखी चार गोण्या. खालच्या दोन गड्यांनी सवयीनं त्या उचलून उंचवट्यावर नेऊन ठेवल्या. म्हातारी, आवडाबाई तिचं नाव, दारात आली तरी मागंच बघत होती.

‘‘बाई, दाणं वल्लं व्हतील की.’’

‘‘होऊ द्या, आजी. तुम्ही या.’’

आवडाबाई कुडकुडत होती. मेहरुन्निसानं तिला त्या खुर्चीत बसवलं आणि शाल तिच्या अंगावर घातली. पांढऱ्या कातड्यावरून चिखलाचं पाणी ओघळून खाली साचू लागलं. समोर बसलेल्या आप्पासाहेबांनी नाकाला रुमाल लावला आणि दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले. विमानतळ येईपर्यंत ते तसेच अंग चोरून बसले होते. माणसं वाचल्याचा आनंद सोडाच, कुणाला साधं पाणी विचारायचीही त्यांची दानत नव्हती.

जहांगीरनं वायरलेसवरून रुग्णवाहिका मागवली होती. बातमी फुटायला तेवढं पुरलं. हेलिकॉप्टर टेकलं तेव्हा रुग्णवाहिकेशेजारी कॅमेरेवाले ताटकळत होते.

आप्पासाहेबांनी त्यांना खिडकीतून पाहिलं. रुमाल खिशात गेला. पाय खाली आले. मग त्यांनी शेजारच्या सीटवरचा चिखल तळव्यानं निपटला आणि आपल्या पांढऱ्या सदऱ्यावर फासला. थोडा बाहीला लावला. थोडा कपाळावर ओढला. मेहरुन्निसानं आवडाबाईला हात देऊन उठवलं.

आप्पासाहेब आवडाबाईच्या खांद्यावर हात ठेवून खाली उतरले. समोर माइक आले.

‘‘माणसं पाण्यात दिसली आणि मला राहवलं नाही,’’ ते म्हणाले. ‘‘मी म्हटलं, चाचणी गेली खड्ड्यात. आधी उतरा.’’

कॅमेरे लखलखले. आवडाबाई त्यांच्या तोंडाकडं निरखून बघत होती. आपल्यामुळं मोठ्या माणसाला घाण लागली, असं वाटून ती बिचारी ओशाळली. तिनं शालीचं टोक धरलं, टाचा उंचावल्या आणि लेकराचं पुसावं तसं त्यांचं कपाळ पुसायला लागली.

‘‘थांबा सायेब, पुसते. पर तुमाला कुठून लागला ह्यो? तुमी तर पाय वर घिऊन बसला व्हता.’’