समोरची बाजू

"तो गायक निर्दोष आहे. त्याच्या पैशावर डोळा ठेवून सगळं रचलंय," टीव्हीवर एका बड्या गायकाच्या खटल्याची बातमी लागली की वेंडेल म्हणायचा. मी म्हणायचो, सडू दे त्याला तुरुंगात. शिकागोत, आम्हा काळ्या लोकांच्या वस्तीत माझं सलून आहे. तिथे दर शनिवारी हा वाद रंगायचा, मग गाडी डॉलरवर यायची, तिथून कुठल्यातरी युद्धावर. केस कापून झाले तरी वेंडेल खुर्ची सोडायचा नाही.

मंगळवारी तो झोपेतच गेला. आमच्याकडे माणसाचे केस शेवटचे कापायचे ते त्याच्या नेहमीच्या न्हाव्यानेच. म्हणून आज सकाळी, त्याला पुरण्याआधी, वस्तरा घेऊन अंत्यविधीच्या हॉलवर गेलो. कपाळावरची केसांची रेघ सरळ केली, कल्ले सारखे केले. रडू आलं नाही. काम संपल्यावर सवयीने आरसा त्याच्या तोंडासमोर धरला आणि तो काय म्हणतोय याची वाट बघत उभा राहिलो. शेवटी तिथल्या बाईंनी माझ्या हातातून आरसा काढून घेतला.

दुपारी सलून उघडलं. टीव्हीवर तोच गायक कोर्टाच्या पायऱ्या चढत होता. "सडू दे त्याला तुरुंगात," खुर्चीतलं गिऱ्हाईक म्हणालं. बाकावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. उलट कुणी बोललंच नाही. नुसतं माझ्या हातातलं केस कापायचं मशीन घरघरत राहिलं.

मी मशीन बंद केलं.

"तो निर्दोष आहे," मी म्हणालो. "त्याच्या पैशावर डोळा ठेवून सगळं रचलंय."