ठिणगीचा पल्ला

"नाही म्हणजे नाही," वस्ताद म्हणाले. "लांबच्या शर्यतीत ही घोडी निम्म्यातच धापा टाकेल. बापावर गेली आहे ती."

लेक घोडीवरून खाली उतरली. सरावानं दोघीही घामाघूम झाल्या होत्या. तबेल्याच्या दारात खुर्ची टाकून वस्ताद, म्हणजे तिचे वडील, बसले होते, हातात काठी, तोंड भिंतीकडे. आजारपणात त्यांची नजर गेली, तेव्हापासून तोंड कुठे आणि बोलणं कुणाशी याचा मेळ राहिला नव्हता. हट्ट तेवढा शाबूत होता.

"बाबा, वर मी बसते. मला कळतं ना! शर्यत संपते तेव्हा कुठे ही रंगात येते. मग आवरता आवरत नाही."

"तुझ्या बसण्यात काहीतरी चुकत असेल."

"माझ्या बसण्यात?"

"मग काय रक्तात? ठिणगीचा बाप मी या हातांनी वाढवला. सुटायचा असा, की बघत राहावं. पण पल्ला जरा लांबला की साहेबांचा दम खलास. खाण तशी माती, पोरी."

लेकीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आत बादली घासत असलेल्या आईनं ती दाणकन खाली आपटली. लेकीनं तोंड मिटलं.

वस्तादांच्या शब्दाशिवाय या तबेल्यातला एकही घोडा कधी शर्यतीला गेला नव्हता. कारभार आता लेकीकडे आला होता, तरी तिनं तो शिरस्ता मोडला नाही. म्हणून ही घोडी सगळा मोसम आखूड शर्यती पळाली आणि दर वेळी मागच्या घोळक्यातून माघारी आली. परवा घोडीच्या मालकीणबाईंचा फोन आला. बाई वाईट नव्हत्या, पण त्यांनी तरी किती धीर धरायचा? पुढची शर्यत हरली तर घोडी दुसरीकडे जाईल, असं त्यांनी सांगून टाकलं.

"जाऊ दे म्हणावं," वस्ताद म्हणाले होते. आणि त्या दिवशी ते जेवले नव्हते.

आता अशा माणसाला कोण काय समजावणार? जीव तर सगळा त्या घोडीत. दवाखान्यातून सुटून आले तेव्हा घोटभर पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. आधी मला ठिणगीकडे न्या, एवढंच धरून बसले. आई हात धरून घेऊन गेली. त्यांनी घोडीच्या कपाळावरून, मानेवरून, खांद्यावरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला. मग म्हणाले, "अंगानं भरलीस गं." त्यावर आई इतकी हसली, इतकी हसली, की तिला डोळे पुसावे लागले.

तेव्हापासून रोज सकाळी ते काठी टेकत तबेल्यात यायचे आणि घोडीच्या मानेला गाल लावून उभे राहायचे. काय बोलायचे ते त्या दोघांनाच ठाऊक. गोळ्यांनी जे झालं नाही ते या जनावरानं केलं, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मैदानावर मात्र ती त्यांना जाऊ द्यायची नाही. गर्दीत धक्का लागेल, कर्ण्याचा गोंगाट सोसणार नाही, ऊन बाधेल. कारणांना काय तोटा! शर्यतीची हकिगत लेकीनं घरी येऊन सांगायची आणि वस्तादांनी मान डोलवत ऐकायची.

"ही गेली तर तुझे बाबा अंथरूण सोडायचे नाहीत," दुपारी भांडी पुसताना आई हळूच म्हणाली.

"मग मी काय करू? ते हो म्हणत नाहीत, आणि मला धड भांडताही येत नाही."

"भांडू नकोस. त्यांना नुसतं ऐकव. कान अजून तिखट आहेत त्यांचे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकींनी त्यांना सरावाच्या मैदानावर नेलं. कठड्याशी उभं केलं. लेकीनं घोडी सोडली. लगाम सैल, हात खाली, चाबूक नाहीच. पहिल्या फेरीत घोडी जणू फिरायला निघाली होती. दुसऱ्या फेरीत टापांना लय आली.

"आता बघा कशी..." आई सांगायला लागली.

"गप गं. ऐकू दे."

टापा लांब गेल्या, पार पलीकडच्या झाडांपर्यंत, आणि वळून पुन्हा जवळ आल्या. लय तीच. आणखी एक फेरी झाली, तरी तीच. घोडी समोरून गेली तेव्हा पायाखालची जमीन थरथरली. वस्तादांच्या हातातली काठी गळून पडली. त्यांनी ती उचलली नाही. त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू होतं, की आईनं ते कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

लेकीनं घोडी कठड्यापाशी आणून उभी केली. वस्तादांनी हात पुढे केला, चाचपडत घोडीच्या बरगड्यांना कान लावला आणि तिचा श्वास ऐकत राहिले.

"एवढं पळून आली आणि बघ कशी शांत आहे," ते म्हणाले. "वाट बघण्यात अर्थ नाही. लांबच्या शर्यतीत घाल हिला."

"खरंच, बाबा?" लेकीनं घोडीवरून उडीच मारली. आनंदाच्या भरात तिला राहवलं नाही. "आणि मग ते बापाचं रक्त?"

आईनं तिला करकचून चिमटा काढला.

वस्तादांनी घोडीच्या आयाळीत बोटं घातली. "मला कळलंय हे समजलं तर तुम्हा दोघींचं मन मोडेल, म्हणून आजवर अडून बसलो होतो. पण त्यापायी या बिचारीला घालवू कशी?" त्यांनी तिच्या मानेला गाल लावला. "माझी ठिणगी मी दवाखान्यात असतानाच गेली ना गं? आता तरी सांगा, हिला काय म्हणून हाक मारू?"