संमतीपत्रावरची सही

"मी येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही!" सुलेखा फोनवर ओरडली आणि मीटिंग अर्धवट टाकून पार्किंगकडे धावत सुटली.

फोन ईशानच्या शाळेतून होता. अमेरिकेतली ही शाळा चर्चची, शिस्त कडक. मुख्याध्यापकांच्या कपाटात मुलांना मारायची एक लाकडी फळी असते, आणि आईवडिलांनी लिहून दिलं असेल तरच ती बाहेर निघते. ऑगस्टमध्ये तो फॉर्म आला तेव्हा सुलेखाने 'नाही'वर इतकी जाड फुली मारली होती की कागद फाटायचाच बाकी होता. आणि आज मुख्याध्यापक म्हणत होते, नवा फॉर्म आलाय, 'हो'वर खूण आहे, खाली तुमच्या मिस्टरांची सही आहे. जरा येऊन जा.

विनयची सही! घरातलाच माणूस!

गाडी हायवेला लागताच तिने नवऱ्याला फोन लावला.

"लाज नाही वाटली? माझ्या पाठीमागे?"

"मी कसलीच सही केलेली नाही, सुलेखा. देवाशपथ."

"ऑगस्टमध्ये पवित्र शास्त्रातली वचनं कोण ऐकवत होतं मग? छडी म्हणजे प्रेम म्हणे!"

"तेव्हा बोललो होतो. तू नको म्हणालीस, विषय संपला. अगं, आज पाचवा दिवस आहे. आधी तू ईशानशी..."

तिने फोन कट केला. खोटारडा मेला!

छडी म्हणजे काय ते सुलेखाला विचारा. तिचे बाबा नगरला मिशनच्या शाळेत हेडमास्तर होते, आणि घरीही हेडमास्तरच. निरगुडीची ओली छडी, सप्पकन तळहातावर. मारून झालं की तिला पोटाशी धरायचे, प्रार्थना करायचे आणि त्याच सुजलेल्या हातावर लिमलेटची गोळी ठेवायचे. "आता संपलं हं, बाळा." ढोंग नुसतं! आपल्या मुलावर बोटसुद्धा उचलायचं नाही, हे तिने तेव्हाच पक्कं केलं होतं. ईशानला तिने ही गोष्ट इतक्यांदा सांगितली होती की नऊ वर्षांच्या पोराला गोळीचा रंगसुद्धा पाठ होता.

आणि शब्दाची पक्की होती ती. गेल्या रविवारी उपासना चालू असताना ईशान मांडीवर फोन घेऊन गेम खेळत बसला, वर "बायबलची व्हर्स वाचत होतो" अशी थाप मारली. दुसरी आई असती तर तिथेच धपाटा घातला असता. सुलेखाने हात उचलला नाही की आवाज चढवला नाही. तरी पोरगा त्या दिवसापासून कसा सुतासारखा सरळ! स्वतःची ताटली विसळतो, न सांगता होमवर्क करतो. आज सकाळीसुद्धा ती विनयला म्हणाली, "डबा घ्यायला सांग," आणि त्याने सांगायच्या आत डबा दप्तरात गेलासुद्धा. कशाला हवी फळी?

"प्रभू, वेळेत पोचव रे," ती पुटपुटली आणि पिवळ्या सिग्नलला गाडी दामटली.

ऑफिसचं दार तिने ढकललंच. मुख्याध्यापक हॅरिस टेबलामागे बसले होते. समोरच्या खुर्चीत ईशान, पाय जमिनीला न टेकलेले.

"मारलंत?" तिला धाप लागली होती.

"नाही हो. वीस वर्षांत मी ती फळी वापरलेली नाही," हॅरिस म्हणाले. त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला. "सही नीट बघा."

तिने बघितली. विनय सही करतो ती एका फटकाऱ्यात. ही आधी पेन्सिलीने काढून मग पेनाने सावकाश गिरवलेली होती.

"फॉर्म ईशाननेच आणून दिला. फळीही त्यानेच मागितली. का, ते काही सांगत नाही."

सुलेखाने ईशानकडे पाहिलं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. उजवा तळहात उघडून त्याने हॅरिससमोर धरला.

"सर, प्लीज, मला मारा ना," तो इंग्रजीत म्हणाला. "आणि मग माझ्या आईला सांगा, आता संपलं. म्हणजे ती माझ्याशी बोलेल."